खांद्यावर पॉलिनेशियन कासव गोंदवून घ्यावं का?

देवबागचा_पाणबुड्या

नमस्कार मंडळी. इथलं वाचतो नेहमी, लिहितोय पहिल्यांदाच.

मी देवबागचा. सीझनमध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पर्यटकांना स्कुबासाठी पाण्यात उतरवतो आणि थंडीत गावच्या किनाऱ्यावर कासवांची घरटी राखतो. पहाटे वाळूवर मादीचा माग दिसला की घरटं शोधायचं, अंडी अलगद काढून जाळीच्या कुंपणात पुरायची आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत कोल्ह्याकुत्र्यांपासून सांभाळायची. एकेका घरट्यात शंभरावर अंडी असतात आणि पिल्लं यायला पन्नासेक दिवस लागतात. हे काम माझ्या जिवाचं झालंय. म्हणून कासव अंगावर कायमचं असावं असं फार दिवसांपासून मनात आहे.

गोव्यातल्या एका टॅटूवाल्याकडे गेलो. त्यानं 'पॉलिनेशियन' नावाचं जाडजूड कॅटलॉग पुढ्यात ठेवलं. खांद्यापासून कोपरापर्यंत उतरणारं एक कासव होतं, त्याच्या पाठीत शार्कचे दात, भाल्यांची टोकं, लाटा, मध्ये माणसांच्या छोट्या आकृत्या. खाली छापलेलं, कासव म्हणजे कुटुंब, दात म्हणजे बळ, भाला म्हणजे योद्धा. मला ते फार आवडलं. ॲडव्हान्स अजून दिलेला नाही.

त्यानंतर आमच्या बोटीवर न्यूझीलंडहून एक जोडपं आलं. त्यातली बाई माओरी, म्हणजे तिकडच्या मूळ रहिवाशांपैकी होती. मी हौसेनं मोबाइलवरचे फोटो दाखवले. एक फोटो इंटरनेटवरून उतरवलेला होता, कोणा माणसाचा गोंदलेला खांदा आणि दंड. तिनं तो मोठा करून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हा माणूस कोण?" मी म्हटलं, माहीत नाही, टॅटू छान वाटला म्हणून ठेवलाय. ती म्हणाली, "हे त्याच्या घरच्यांचं आहे." रागावली नाही. पुढं मजेत डाइव्ह केला, जाताना हात हातात घेऊन आभार मानले. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

तर विचारायचं असं की बाहेरच्या माणसानं ही नक्षी अंगावर घेणं त्यांना अपमानाचं वाटतं का? सगळीच नक्षी, की त्यातली काही? परवानगी घ्यायची तर कोणाची? माझ्या आजीच्या हनुवटीवर आणि हातावर गोंदण होतं, त्यासाठी कोणी कोणाला काही विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. म्हणून गोंधळ होतोय. जाणकारांनी मोकळेपणानं सांगावं.

गिरगावचा_चाकरमानी

बिनधास्त करून घे. तुझं मन स्वच्छ आहे, कासवांसाठी रात्री जागतोस, आणखी काय हवं? गोरे लोक अंगावर ॐ आणि गणपती काढून घेतात तेव्हा आपल्याला बरंच वाटतं ना? रेघा आणि त्रिकोण कोणाच्या मालकीचे नसतात. नक्षी अशीच एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर जात आली आहे, नाहीतर आपल्या लाकडी कोरीवकामात, भांड्यांत, कपड्यांत अर्धं काही उरणार नाही. कोणाला वाईट वाटेल या धाकानं सगळंच टाळायचं म्हटलं तर माणसानं दुसऱ्याकडून शिकायचं कसं?

हर्णैचा_सारंग

बाळा, तुझा प्रश्न मला मनापासून आवडला. मी मालवाहू जहाजांवर सारंग होतो, आता हर्णैला घरी असतो. पॅसिफिकच्या फेऱ्यांत सामोआची, टोंगाची पोरं माझ्या हाताखाली होती. एका डेकवर, एका पानात जेवलोय आम्ही. त्यांच्याकडून जे ऐकलं, पाहिलं आणि पुढं ओढीनं वाचत गेलो, ते सांगतो.

आधी ते कॅटलॉग बाजूला ठेव. हवाई, न्यूझीलंड आणि पूर्वेचं रापा नुई (ईस्टर बेट) ही तीन टोकं जोडून नकाशावर त्रिकोण काढलास तर त्याच्या पोटात येतात ती बेटं म्हणजे पॉलिनेशिया. एवढ्या पाण्यात पसरलेल्या लोकांचं गोंदण एकसारखं कसं असेल? सामोआचं वेगळं, माओरींचं वेगळं, मार्केससचं वेगळं, आणि प्रत्येकाचे नियम वेगळे.

सामोआचं मी जवळून पाहिलंय. आमच्या एका खलाशाच्या अंगावर पेआ होता. कमरेच्या वरून सुरू होऊन गुडघ्याच्या खालपर्यंत, इतका भरगच्च की मधली कातडी शोधावी लागावी. पेआ पुरुषांचा. बायकांचं ते मालू, मांड्यांपासून गुडघ्यांच्या जरा खाली येणारं, नाजूक आणि विरळ. हे काढणारा तुफुगा ठरावीक घराण्यांतला असतो, सुआ हे त्यातलं सर्वांत नावाजलेलं घराणं. हत्यार म्हणजे हाडाची किंवा डुकराच्या सुळ्याची दातेरी फणी, कासवाच्या पाठीच्या तुकड्यावर बसवून लाकडी दांड्याला बांधलेली. दुसऱ्या काठीनं तिच्यावर ठोकत जायचं. मदतनीस दोन्ही बाजूंनी कातडी ताणून धरतात, रक्त पुसतात. घरची माणसं उशाशी बसून गाणी म्हणतात. दिवसच्या दिवस हे चालतं. तुफुगाला मोल म्हणून बारीक विणीच्या चटया आणि अन्न द्यायची रीत आहे, त्यामुळे सगळं कुटुंब त्या खर्चात आणि त्या वेदनेत सामील असतं. सोसवलं नाही म्हणून मध्येच उठलेल्याची लाज त्याच्या घरालाही लागते. आणि पेआ पुरा झाला की तो माणूस गावच्या प्रमुखांच्या बैठकीत आवा नावाचं पेय वाढण्याच्या सेवेला उभा राहू शकतो. म्हणजे अंगावरची नक्षी ही गावाची चाकरी पत्करल्याची खूण झाली.

आमच्या त्या खलाशाचा डेकवर कोणी गुपचूप फोटो काढलेला त्याला चालत नसे. विचारून काढला तर ताठ उभा राहायचा.

आता आपल्याकडचं बघ. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी निघते. दर्शन कोणीही घ्यावं, ओटी कोणीही भरावी, मुंबईच्या पाहुण्यानं ढोलाच्या तालावर नाचावं, कोणी अडवत नाही. पण रूपं, म्हणजे देवांचे मुखवटे, लावायची कोणी, पहिला खांदा कोणाचा, हे मान गावानं ठरवलेले असतात आणि त्यामागं पिढ्यांची सेवा असते. पाहुण्यानं कितीही भक्तिभावानं रूपांना हात घातला तरी गाव गप्प बसणार नाही. पेआ आणि मालू यांचं असंच आहे. तिथं बाहेरच्यानं आपण होऊन हात घालू नये.

तुझ्या बोटीवरची बाई माओरी होती म्हणून त्यांच्याबद्दल जरा जास्त लिहितो. माओरींचं मोको, म्हणजे त्यांचं गोंदण, वंशाशी बांधलेलं असतं. माणूस कोणाचा मुलगा, कोणत्या टोळीचा, त्याच्या घराण्यानं काय केलं, हे त्या वळणांमध्ये असतं, म्हणून एकाचं मोको दुसऱ्याला चालत नाही. 1840 साली इंग्रजांबरोबर वायतांगीचा करार झाला तेव्हा काही सरदारांनी सही म्हणून आपल्या मोकोतली नक्षी कागदावर काढली. सही म्हटल्यावर ती दुसऱ्यानं उचलायची नसते, हे तुला सांगायला नको. पुरुषांच्या पूर्ण चेहऱ्यावर आणि बायकांच्या ओठांवर-हनुवटीवर ते काढतात. नानाया माहुता 2020 मध्ये न्यूझीलंडच्या परराष्ट्रमंत्री झाल्या, त्यांच्या हनुवटीवर मोको आहे. जगभरच्या राजधान्यांत त्या तोच चेहरा घेऊन वावरल्या याचं माओरींना किती अप्रूप वाटलं असेल!

अप्रूप कशाचं, ते कळायला मागचं थोडं ठाऊक हवं. माओरी आपल्या थोरांची गोंदलेली मस्तकं मृत्यूनंतर जपून ठेवत. मस्तक त्यांच्यात सर्वांत पवित्र. 1770 मध्ये इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या जहाजावरच्या जोसेफ बँक्सनं असं एक मस्तक मिळवून नेलं आणि पुढं त्याचा बाजारच झाला. टोळ्यांना आपसातल्या लढायांसाठी बंदुका हव्या होत्या, गोऱ्या व्यापाऱ्यांना मस्तकं हवी होती. विकण्यासाठी कैद्यांचे आणि गुलामांचे चेहरे गोंदून त्यांना मारण्यापर्यंत मजल गेली. 1831 साली ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या गव्हर्नरनं हा व्यापार बंद करण्याचा हुकूम काढला, पण तोवर युरोप-अमेरिकेच्या संग्रहालयांत ती मस्तकं जाऊन बसली होती. वेलिंग्टनचं ते पापा संग्रहालय 2003 पासून सरकारच्या वतीनं ती देशोदेशीहून परत आणतंय. कितींची ओळखच पुसली गेलेली, कोणत्या टोळीकडे सोपवायची तेही कळत नाही.

ज्यांच्या आज्या-पणज्यांचे चेहरे असे नाव-गाव नसताना काचेच्या कपाटात मांडले गेले, त्यांच्यातली एक बाई तुझ्या मोबाइलमधला बिनचेहऱ्याचा खांदा बघते. "हा माणूस कोण?" याशिवाय ती दुसरं काय विचारणार?

तुझं कासव, भाल्यांची टोकं आणि माणसांच्या आकृत्या, हे बहुतेक मार्केसस बेटांकडून आलेलं दिसतंय. जगभरच्या दुकानांत पॉलिनेशियन म्हणून जे विकतात त्यातलं पुष्कळसं तिकडचंच. तिथं एके काळी पायापासून टाळूपर्यंत अंग भरलेली माणसं असत. मग मिशनरी आले, फ्रेंच राजवट आली, गोंदणं बंद पाडलं गेलं. बाहेरून आलेल्या रोगांनी इतकी माणसं मेली की शिकवणारे हातच संपत आले. 1897-98 मध्ये कार्ल फॉन देन श्टायनेन नावाचा जर्मन तिथं गेला आणि उरलेल्या म्हाताऱ्यांच्या अंगावरची नक्षी त्यानं उतरवून घेतली. 1980च्या दशकापासून तिकडच्या नव्या पिढीनं गोंदण परत उभं केलं तेव्हा आपल्याच आजोबांची नक्षी त्यांना अशा परक्याच्या पुस्तकांतून शोधावी लागली. कासवाचंही तसंच. जुन्या काळी त्या बेटांवर वाटेल त्यानं कासव मारून खायचं नसे, ते सरदारांचं आणि पुजाऱ्यांचं अन्न. कॅटलॉगातल्या 'कासव म्हणजे कुटुंब' या ओळीत यातलं काय उरलं?

मग तुला वाट आहे का? आहे. माओरी कलावंत बाहेरच्यांसाठी किरितुही करतात. त्यात कोणाची वंशावळ नसते. तुझं ऐकून, तुझ्यासाठी, त्यांच्या शैलीत नवं रेखाटतात. सगळ्याच माओरींना ते पसंत आहे असंही नाही. मार्केससचे आणि ताहितीचे कलावंतही परक्यांना गोंदतात, त्यावर त्यांची घरं चालतात. सामोआत सुलुआपे पाउलो हे फार मोठे तुफुगा होऊन गेले, त्यांनी तर युरोपियनांना पूर्ण पेआसुद्धा काढला. त्यावरून त्यांच्याच लोकांत नाराजी झाली, वाद झाले. पण तो वाद त्यांच्या घरातला, आणि दार उघडणारा हात घरातल्याचा होता. हे मला महत्त्वाचं वाटतं. गोव्यातल्या कॅटलॉगवाल्याला ते दार उघडायचा अधिकार नाही, तुला नाही, मलाही नाही.

माझं ऐकशील तर चेहरा, हनुवटी आणि कमर ते गुडघे या जागांना हात लावू नकोस. कोणाच्या अंगाचा फोटो देऊन 'असंच काढ' म्हणू नकोस. पॉलिनेशियनच हवं असेल तर पॉलिनेशियन माणसाकडे जा, आपण कोण ते सांग, नक्षी त्याला ठरवू दे, तिचं मोल दे. आणि तो नाही म्हणाला तर ते ऐक.

गिरगावचा_चाकरमानी

काका, माहिती खूप मोलाची दिलीत, मस्तकांचं मला काहीच ठाऊक नव्हतं. तरी एक शंका आहे. 2015 साली बंगळुरूत एका ऑस्ट्रेलियन तरुणाच्या नडगीवर देवीचा टॅटू आहे म्हणून जमावानं त्याला घेरलं, पोलिसांनी त्याच्याकडून माफी लिहून घेतली. तुमच्या न्यायानं तो जमाव बरोबर ठरतो का? 'आमचं चिन्ह' म्हणत कोणाच्या कातडीवर हक्क सांगायचा, ही वाट मला धोक्याची वाटते.

हर्णैचा_सारंग

जमाव साफ चूक होता. दुसऱ्याच्या अंगाला हात लावायचा, त्याला धमकवायचा हक्क कोणालाच नाही. पण देवी पायावर बघून एखाद्या म्हातारीच्या पोटात कालवलं असेल तर ते कालवणं खोटं म्हणता येईल का? तिला दोन शब्दांनी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, दंडावर काढ रे बाबा, पायावर नको. मी एवढंच मागतोय.

पॉलिनेशियन लोकही जमाव घेऊन धावत नाहीत. 2013 मध्ये नायकी कंपनीनं पेआची नक्षी बायकांच्या व्यायामाच्या लेगिंग्जवर छापली. पुरुषांचा पेआ, तोही बायकांच्या पायांवर, दुकानात टांगलेला. लोकांनी अर्ज केले, लिहिलं, समजावलं. कंपनीनं माल मागं घेतला. 2016 मध्ये डिस्नेनं माउई या देवपुरुषाच्या गोंदलेल्या अंगाचा पोशाख लहान मुलांसाठी काढला होता, म्हणजे पोरानं दुसऱ्याची कातडीच अंगात घालायची. तोही लोकांनी बोलूनच थांबवला. देवबागच्या या पोराला तर कोणी काहीच म्हटलं नाही, एका बाईनं प्रश्न विचारला आणि तो थांबला. असं थांबता येणं मला फार मोठं वाटतं.

श्रीवर्धनची_नात

दादा, तुमच्या पोस्टमधल्या शेवटच्या ओळीबद्दल मला बोलायचं आहे. आजीच्या गोंदणासाठी कोणी कोणाला विचारलं नाही, असं लिहिलंत. आमच्याकडे तरी विचारल्याशिवाय होत नसे. गोंदणारीण ओटीवर यायची, घरातल्या मोठ्या बाईशी बोलायची. कोणत्या मुलीला, कुठं, काय, हे ती ठरवायची. दिव्याची काजळी झाडपाल्याच्या रसात कालवून सुयांनी टोचायचं, पोरीला दोघीतिघींनी धरून ठेवायचं, आणि गोंदणारीण गाणं म्हणत राहायची म्हणजे पोरीचं लक्ष गाण्यात राहील. मोल म्हणून तांदूळ, नारळ, जुनं लुगडं. सारंगकाकांनी सामोआचं लिहिलं ते वाचताना मला सारखी आमची ओटी दिसत होती.

माझ्या आजीच्या डाव्या हातावर तुळस होती, मनगटाजवळ विंचू, हनुवटीवर ठिपके. ती म्हणायची, सोनं काढून घेतील, लुगडं काढून घेतील, गोंदलेलं तेवढं बरोबर येईल. ती गेली तेव्हा बांगड्या उतरवल्या, मंगळसूत्र काढलं, आणि तो हात तसाच तुळशीसकट गेला. घरातल्या कोणाकडेही त्या हाताचा नीट फोटो नाही.

आईच्या हनुवटीवरही ठिपके होते. मुंबईत नोकरीला लागल्यावर बरोबरच्या बायका "गावठी" म्हणायच्या, म्हणून तिनं ते लेझरनं काढून घेतले. तिला मी दोष देत नाही, तिनं खूप सोसलं. पण मिशनऱ्यांनी बंद पाडलं ते त्या बेटांवरच्या पोरांनी परत उभं केलं, आणि आमचं कोणी कायद्यानं बंद न पाडताही मिटत चाललं, हे वाचून मला आज रडू आलं. कातकऱ्यांचं गोंदण वेगळं, आमच्या कुणब्यांचं वेगळं, कोळणींचं वेगळं. कुठं लिहून ठेवलंय?

तुमच्या आजी असतील तर आज जाऊन त्यांच्या हातावर काय आहे ते विचारा. नसतील तर गावातल्या दुसऱ्या कोणा आजीला विचारा, वहीत काढून घ्या, नाव आणि वाडी लिहून ठेवा. टॅटू करा न करा, हे करा.

शाईवाला_रत्नागिरी

टॅटूचं काम करतो म्हणून दोन शब्द. माझ्याकडे येणारी निम्मीअधिक पोरं मोबाइलमध्ये दुसऱ्या कोणाच्या अंगाचा फोटो घेऊन येतात. मी हूबेहूब कॉपी करत नाही, मग तो पॉलिनेशियन असो की पुण्याच्या एखाद्या आर्टिस्टचं काम. गिऱ्हाईक जातं कधीकधी, जाऊ दे. कॅटलॉगातल्या 'माओरी-सामोअन मिक्स' नावाच्या शीट बनवणाऱ्यांनी वेगवेगळ्या बेटांच्या नक्ष्या एका दंडावर कोंबलेल्या असतात. सारंगकाकांचं वाचल्यावर कळेल की हे वेगवेगळ्या घराण्यांच्या सह्या एका कागदावर गिरवण्यासारखं आहे.

तुझ्यासाठी एक सुचवतो. तू ज्याला राखतोस ते ऑलिव्ह रिडले. त्याची पाठ कधी नीट बघितलीयस का? मधल्या रांगेच्या दोन्ही बाजूंना जे मोठे खवले असतात ते हिरव्या कासवाला चार जोड्या असतात. रिडलेला सहा-सात किंवा त्याहून जास्त, आणि पुष्कळदा डावीकडे एक आकडा, उजवीकडे दुसरा. कॅटलॉगमधल्या कासवाची पाठ आरशात धरल्यासारखी सारखी असते, रिडलेची नसते. तुझ्या किनाऱ्यावर आलेल्या एका मादीचा वरून काढलेला फोटो असेल तर तिचीच पाठ, खवल्याला खवला मोजून, काढता येईल. त्यात कोणाचं काही उचललेलं नसेल.

आणि कुठंही केलंस तरी सुई तुझ्यासमोर नव्या पाकिटातून काढलेली हवी, शाई छोट्या नव्या कपात ओतलेली हवी. टॅटू म्हणजे उघडी जखम. पूर्ण भरेपर्यंत, म्हणजे धरून चाल तीन-चार आठवडे, समुद्रात उतरायचं नाही, उन्हात दंड उघडा टाकायचा नाही. तुमचं डायविंग पावसाळ्यात बंद असतं, तेव्हाच कर. दमट हवेत जखम कोरडी ठेवायला जास्त जपावं लागतं, पण सीझन बुडवण्यापेक्षा ते बरं.

भरतीची_तयारी

एक महत्त्वाचं. कोस्ट गार्ड, नेव्ही, आर्मी यातलं काही डोक्यात असेल तर थांब. कायमचा टॅटू कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूलाच चालतो. खांद्यावरचा मेडिकलला अडवतात. आदिवासी जमातींच्या उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे असलेल्या गोंदणासाठी सवलत आहे. आमच्या ओळखीच्या एका मुलाची मैदानी चाचणी पास होऊन दंडावरच्या सिंहामुळे सगळं गेलं.

देवबागचा_पाणबुड्या

सगळ्यांचे मनापासून आभार. सारंगकाका, तुमचा प्रतिसाद घरी मोठ्यानं वाचून दाखवला. बाबा मासेमारीला जातात, ते सहसा अशा गोष्टींत पडत नाहीत. ते एवढंच म्हणाले, "इचारून घे. इचारल्यार कोणी मारना नाय."

भरतीचं वय माझं गेलं, तो प्रश्न नाही. मोबाइलमधला तो खांद्याचा फोटो काढून टाकला आणि गोव्याच्या माणसाला येत नाही म्हणून कळवलं.

श्रीवर्धनच्या ताई, माझी आजी आता नाही. पण तिची धाकटी बहीण तारकर्लीला आहे, तिच्या हातावर तुळस आणि काहीतरी चौकटीसारखं आहे. रविवारी वही घेऊन जातो. बायकांशी या गोष्टी बोलायला बहीण बरोबर असलेली बरी, तिलाही नेतो.

शाईवाले दादा, रिडलेच्या खवल्यांचं तुम्ही सांगितलंत ते अगदी खरं, आमच्या कासवमित्रांच्या वहीत तशी नोंद करतात. तुमची कल्पना उत्तम आहे. पण खरं सांगतो, मला अजूनही मार्केससच्या हातचंच हवंय. हौस म्हणून नाही. कासवाला एवढं मानणारी, समुद्राच्या भरवशावर जगणारी माणसं इतक्या लांब आहेत हे कळल्यापासून त्यांच्याशी काहीतरी नातं जोडावं असं वाटतंय, आणि ते नातं त्यांच्या होकारानंच जोडायचं आहे. तिकडच्या एखाद्या कलावंताला पत्र लिहितो. तिथं जाण्याएवढे पैसे नाहीत, म्हणून नक्षी त्यांनी तिथं रेखाटावी, मी मोल पाठवावं, आणि त्यांची हरकत नसेल तर रत्नागिरीला तुमच्याकडे काढून घ्यावी असं मनात आहे. ते नको म्हणाले तर दादा, तुमच्याकडे रिडलेचा फोटो घेऊन येतो.

काका, पत्रात काय लिहू?

हर्णैचा_सारंग

शाब्बास. पत्र लांबवू नकोस. तू कोण, कुठल्या किनाऱ्याचा, घरात पिढ्यान्‌पिढ्या काय काम चालतं, कासवांसाठी काय करतोस, हे सांग. घरट्यांचे आणि पिल्लांचे दोनतीन फोटो जोड, टॅटूचा एकही जोडू नकोस. मला अमुक आकृती द्या असं म्हणू नकोस. बाहेरच्या माणसासाठी तुम्ही रेखाटता का, आणि रेखाटत असाल तर दुसऱ्याच्या हातून ती नक्षी काढून घेतलेली चालेल का, हे सरळ विचार. बरेच जण आपली नक्षी दुसऱ्याच्या सुईखाली देत नाहीत, त्याची तयारी ठेव. मोल किती ते त्यांना सांगू दे, घासाघीस करू नकोस. उत्तराची घाई नको.

तिकडं फ्रेंच चालतं. इंग्रजी येणारे असतात, पण फ्रेंचमध्ये लिहिलंस तर बरं पडेल. इथं कोणाला येतं का?

श्रीवर्धनची_नात

माझी मैत्रीण रोह्याची आहे, मुंबईत फ्रेंच शिकवते. तिला विचारलं, आनंदानं करून देते म्हणाली. दादा, मराठीत मजकूर लिहून मला निरोपातून पाठवा. रविवारी तुमच्या तारकर्लीच्या आजींकडे जाल तेव्हा चौकटीच्या आत ठिपके आहेत की रेघा, तेवढं नीट बघून या. आमच्या गावात एका आजींच्या हातावर तसंच काहीतरी आहे, मला दोन्ही शेजारी ठेवून पाहायचं आहे.